हमाली, तोलाई आणि क्रेडिट

कॉलेज सुरू होणे आणि कॉलेजात शिकवणे सुरू होणे या दोन अगदी निराळ्या घटना आहेत. पहिलीची तारीख छापलेली असते. दुसरीबद्दल विचारले तर जाणकार लोक नुसते हसतात. आमचे कॉलेज सुरू झाले एका सोमवारी, सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी. शिकवणे सुरू झाले बुधवारी, आणि तेही अर्थशास्त्राच्या सरांचा स्वभाव जरा हट्टी म्हणून. मधले दोन दिवस आम्ही खोल्या शोधत होतो.

कॉलेज वाशीतले. नाव सांगत नाही, कारण तिथे अजून तीन-चार वर्षे काढायची आहेत. मी राहतो कोपरखैरण्याला, माथाडींच्या वस्तीत. नवी मुंबईत वाढलेल्या माणसाला एक अभिमान असतो, की आपल्याला कुठलाही पत्ता सापडतो. सिडकोने सगळ्या शहराचे सेक्टर पाडून त्यांना नंबर दिले, त्यामुळे इथे माणूस हरवत नाही. फार तर चुकीच्या सेक्टरातल्या बरोबर नंबरच्या घरी जाऊन बेल वाजवतो. पण हा अभिमान कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर गळून पडला. वेळापत्रकात लिहिले होते, खोली ३०४. मजल्यावर ३०३ होती, ३०५ होती, आणि दोघींच्या मधे पाण्याचा कूलर होता. त्या कूलरसमोर आम्ही तीस-पस्तीस जण, देवळाचे दार उघडायची वाट पाहत उभे राहावे तसे उभे होतो. शेवटी शिपाईमामा आले.

"तीनशे चार ना? ती खाली. लायब्ररीच्या मागं."

"पण तिसऱ्या मजल्यावरची खोली खाली कशी?"

"खोली हाय तिथंच हाय," मामा म्हणाले. "रंगकाम झालं तवा नंबर हलले."

कॉलेज कोण चालवते, हे मला त्या क्षणी कळले. नंतर सभागृहात प्राचार्यांचे स्वागतपर भाषण झाले, ते चांगलेच होते. पण माईक चालू झाला तो मामांनी मागून कुठेतरी एक वायर दाबून धरल्यावर.

फाटकावरची कथा वेगळी. तिथला वॉचमन ओळखपत्राशिवाय आत सोडत नाही. ओळखपत्र मिळते ऑफिसात, आणि ऑफिस आत. हा प्रश्न दरवर्षी पहिल्या आठवड्यात पडत असणार आणि दरवर्षी तो त्याच पद्धतीने सुटत असणार, म्हणजे वॉचमन चहा प्यायला जातो तेव्हा.

कळव्याहून येणारा एक मुलगा तर दोन दिवस फाटकापर्यंतही पोचला नाही. ठाण्याकडून येणाऱ्या लोकलांत काही वाशीच्या असतात, काही पनवेलच्या. तुर्भ्यापर्यंत दोघी सख्ख्या बहिणींसारख्या एकाच रुळावरून येतात. पुढे एक सानपाड्याकडे वळते, दुसरी जुईनगरकडे. हा गडी सोमवारी आणि मंगळवारी पनवेलच्या गाडीत बसून जुईनगरला उतरला. बुधवारी चांगली वाशीची गाडी मिळाली, तर धसका घेऊन तुर्भ्यालाच उतरला आणि उरलेला रस्ता पावसात चालत आला. त्याची पहिल्याच आठवड्यात जी ख्याती झाली, ती पुढे कुणाला सुवर्णपदक मिळाले तरी व्हायची नाही.

आता विषयांबद्दल. आमचे मोठे चुलतभाऊ कॉलेजात होते तेव्हा माणूस 'बी. ए. करतो' एवढे सांगून मोकळा होत असे. नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सालचे. ते मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत २०२४-२५पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला लागू झाले, आणि तेव्हापासून विषय राहिले बाजूला, अद्याक्षरे आली. एक मेजर असते, पुढच्या सत्रात एक मायनर येते. शिवाय ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस आणि सीसी. हे सगळे एका सत्रात. पहिल्यांदा यादी वाचली तेव्हा मला वाटले आपण चुकून रक्ततपासणीचा कागद उचलला. या सगळ्यांची मिळून सत्राला २२ क्रेडिट होतात. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले पंधरा तास, प्रात्यक्षिक असेल तर तीस. हे समजावून सांगायला एका मॅडमनी पुरता एक तास घेतला. त्या तासाचे क्रेडिट मिळणार का, असे मागून कुणीतरी विचारले, तेव्हा मॅडम हसल्या नाहीत. बहुधा त्या दिवशी तो प्रश्न त्यांना चौथ्यांदा विचारला गेला असावा.

संध्याकाळी घरी आबांनी विचारले, "काय शिकवलं?"

आबा, म्हणजे माझे वडील, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी आहेत. मूळ गाव पाटण तालुक्यात. शाळा सातवीपर्यंत. हिशेब मात्र कुठल्याही सीएला घाम फोडील असा. कांद्याची गाडी रिकामी होईतो किती पोती उतरली आणि टोळीतल्या प्रत्येकाच्या वाट्याला किती येतात, हे त्यांच्या डोक्यात तयार असते.

मी म्हणालो, "आज क्रेडिट शिकवलं."

"उधारी?"

"नाही हो. तास भरले की क्रेडिट मिळतं. ते एका बँकेत जमा होतं. सरकारनं २०२१ साली क्रेडिटची बँक काढली आहे. आपल्या नावाचं खातं. उद्या कॉलेज बदललं तरी खातं तेच."

आबांनी गुडघ्याला गुंडाळायची पट्टी अर्धवट सोडली आणि माझ्याकडे बघत राहिले. "म्हंजी बोर्डच की!"

"कसलं बोर्ड?"

"माथाडी बोर्ड रं. आधी कसं हुतं? मुकादम दील त्यो पैसा. आज ह्या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर, मालक कोन त्येच म्हाईत न्हाय. मग कायदा झाला. गाळेवाल्यानं मजुरी बोर्डात भरायची, वर लेव्ही भरायची, आनि बोर्डानं आमच्या खात्यावर टाकायचं. फंड त्यातनंच, रजेचा पगार त्यातनंच. मालक धा असूदेत न्हायतर पन्नास, हिशेब एका जागी. तुमचं बी त्येच. मास्तर किती का असंनात, हिशेब एका जागी."

मॅडमना एक तास लागला होता. आबांनी पट्टी बांधता बांधता उरकले.

पण अर्धवट सोडून जाण्याची सोय त्यांना मुळीच आवडली नाही. नव्या पद्धतीत एक वर्षाने बाहेर पडलात, वरची थोडी क्रेडिट मिळवलीत, तर प्रमाणपत्र. दोन वर्षांनी पदविका. तीन वर्षांनी पदवी. चार वर्षे टिकलात तर ऑनर्स. आबा म्हणाले, "निम्म्या जिन्यात पोतं टाकलं तर निम्मी मजुरी देत्यात व्हय कुठं?" आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ह्ये धाकट्याला सांगू नगंस."

अद्याक्षरांचेही त्यांना नवल वाटले नाही. शेतकऱ्याच्या पट्टीवर हमाली, तोलाई, वाराई अशी ओळीने कापणी असते. त्यातली कुठली कशाची हे नव्या शेतकऱ्याला कळेपर्यंत दोन हंगाम जातात. "तुला बी कळंल," ते म्हणाले. "तवर पट्टी जपून ठेव."

बुधवारी अर्थशास्त्राचे सर आले. हजेरीपटावर नावे एकशे वीस, वर्गात माणसे त्रेपन्न. सरांनी पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम सांगितला. हा नियम नेमका हजर असलेल्यांनाच ऐकवावा लागतो, ही त्यातली अडचण. मग म्हणाले, आज पुस्तक नको, ओळख करून देऊ. नाव, राहता कुठे, घरी काय करतात.

ओळखीचा तास हा मोठा करमणुकीचा प्रकार आहे. पहिल्या बाकावरची मंडळी उभी राहून इंग्रजीत सुरू करतात आणि तिसऱ्या वाक्याला बसतात. मधल्या बाकांवरून मराठी, हिंदी आणि इंग्रजी यांचा काला येतो. शेवटच्या बाकावरचा माणूस फक्त नाव सांगतो, तेही शेजाऱ्याचे. वडिलांचे धंदे ऐकताना वाटले, सगळी नवी मुंबई 'बिझनेस'मध्ये आहे. एकाचे वडील 'लॉजिस्टिक्स'मध्ये होते; सरांनी प्रेमाने खोदून विचारले तेव्हा स्वतःचा टेम्पो आहे असे निघाले. टेम्पो काय वाईट आहे? आमच्याकडे तर टेम्पोवाल्याचा मान मोठा. पण टेम्पो इंग्रजीत उभा केला की जरा उंच दिसतो, हे खरे.

जुहूगावचा एक आगरी मुलगा मागे भिंतीला टेकून बसला होता. सर म्हणाले, "पुढे या, तिथे का बसलात?" तो म्हणाला, "सर, आजी सांगते इकडं सगळी आमची भातशेती होती. मी आपला बांधावर बसलोय." वर्ग खो-खो हसला. सर मात्र हसता हसता थांबले. १९७०मध्ये सिडको आली आणि या गावांच्या जमिनी शहरासाठी घेतल्या गेल्या, हे त्यांनी दोन मिनिटांत सांगितले, आणि त्याला म्हणाले, "बसा बांधावर. पण लक्ष इकडे." तो आठवडाभर तिथेच बसला. हक्काने बसला.

माझी पाळी आली. मी म्हणालो, "कोपरखैरणे. वडील माथाडी कामगार, कांदा-बटाटा मार्केट."

वर्गात जी शांतता पसरली ती अपमानाची नव्हती. नुसती न कळल्याची होती. मग नेरूळची एक मुलगी, अगदी मनापासून, चष्मा सावरत म्हणाली, "माथाडी म्हणजे मॅथ्सचं काही असतं का?"

आता यावर कुणी हसले, कुणी हसू दाबले. मला राग आला नाही. आबांचा हिशेब पाहता तिचे फार चुकले नव्हते. सर मात्र टेबलाच्या कडेवर बसले. याच गोष्टीला मी त्यांचा हट्टी स्वभाव म्हणतो.

"मार्केट इथून किती लांब?"

"दोन-अडीच किलोमीटर, सर."

"वर्गात कांदा कोण कोण खातं?"

सगळे हात वर. दोनच खाली राहिले. ते दोघे जैन होते, त्यांची सुटका झाली. बटाट्याचे विचारले असते तरी झालीच असती.

"म्हणजे दोन-अडीच किलोमीटरवर एक माणूस तुमच्या जेवणाचं पोतं पाठीवर घेतो," सर म्हणाले, "आणि त्याला काय म्हणतात हे अर्थशास्त्राच्या वर्गाला माहीत नाही. छान." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "शुक्रवारी दहा मिनिटं तुम्ही बोला. माथाडी म्हणजे काय."

घरी हे सांगितले तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली. आबांनी व्यवहाराचा प्रश्न विचारला.

"ह्येचं क्रेडिट किती?"

"काही नाही."

"फुकट हमाली," आबा म्हणाले, आणि नंतर दोन रात्री झोप सोडून मला सांगत बसले.

मला वाटत होते मला सगळे माहीत आहे. जन्म या वस्तीत गेला. अण्णासाहेब पाटलांचा फोटो आमच्या घरात गणपतीच्या शेजारी आहे. त्यांनी माथाडींची संघटना बांधली आणि १९६९चा कायदा झाला, हे आमच्या इथले शेंबडे पोरही सांगेल. पण आबांनी सांगितले ते वेगळेच होते. पूर्वी शंभर किलोंचे पोते असे, आता पन्नासाच्या आसपास आले. 'माथाडी' हे नाव माथ्यावर ओझे वाहतो म्हणून, पण खरे ओझे मानेवर आणि गुडघ्यावर येते. ओले कांदे वाळलेल्यांहून जड, म्हणून पावसाळ्यात तेवढ्याच मजुरीत जास्त भार. पाठीवर पोते असताना शिंक आली तर काय करायचे, हेही सांगितले. (थांबायचे नाही. शिंकत चालायचे. थांबला की मागचा आपटतो.) ऐंशीच्या दशकात मुंबईतले घाऊक बाजार एकेक करून इकडे यायला लागले, तेव्हा माझे आजोबा बाजाराच्या मागून आले. म्हणजे आम्ही नवी मुंबईत आलो ते नव्या घरासाठी नव्हे, तर कांदा इकडे आला म्हणून.

शुक्रवारी मी आबांची चुंबळ पिशवीत घालून नेली. फाटकावर वॉचमनने पिशवी उघडली. "हे काय?"

"प्रॅक्टिकलचं सामान."

"सायन्स का?"

"आर्ट्स."

त्याने चुंबळ उलटसुलट पाहिली, स्वतःच्या डोक्यावर ठेवली, आणि म्हणाला, "आमच्या गावाकडं बायका पाण्याला जाताना घेतात." त्या दिवसापासून तो मला ओळखपत्र विचारत नाही.

भाषण कसे झाले? सुरुवात कायद्याच्या नावाने केली. महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९६९. सर म्हणाले, एका दमात म्हणा. कळव्याच्या मुलाने प्रयत्न केला, तो 'श्रमजीवी'लाच उतरला. मग मी टोळी सांगितली, मुकादम सांगितला, बोर्ड सांगितले. बोर्डात कामगार, मालक आणि सरकार तिघेही बसतात, आणि मालक रोज बदलला तरी कामगाराचा फंड बदलत नाही, हे सांगताना आबांचाच दाखला दिला, फक्त उलटा फिरवून: "आपल्या क्रेडिटच्या बँकेसारखं." सोमवारच्या त्या मॅडम दारातून जात होत्या, त्या थबकल्या आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतले. पुढच्या वर्षी तो दाखला कुणाच्या नावावर जाईल ते मला दिसते आहे.

नेरूळच्या मुलीने हात वर केला. तिने चुंबळ हातात घेऊन पाहिली होती. तिचे प्रश्न नीट होते: आजारी पडल्यावर काय, अपघात झाला तर काय, बायका हे काम करतात का. मला येत होते तेवढे सांगितले. मग तिने विचारले, "आणि तुझ्या बाबांनंतर? तू?"

त्या कॉलेजची घंटा आठवडाभरात पहिल्यांदा वेळेवर वाजली.

तिला माहीत असण्याचे काही कारण नव्हते, पण हा प्रश्न आमच्या घरात गेले सहा महिने स्टोव्हवर ठेवलेल्या दुधासारखा आहे. कुणीतरी सारखे लक्ष ठेवून असते. आबांचा उजवा गुडघा गेलेला आहे. डॉक्टरांनी सांगितले, जिने चढू नका. आबांचे उत्तर, मार्केटात जिने नाहीत. टोळीत बापाच्या जागी मुलाला घेण्याची जुनी रीत आहे, आणि जागा रिकामी झाली की फार दिवस रिकामी राहत नाही. बोर्डाचा पगार, फंड, दिवाळीचा बोनस. माझ्या वयाची आमच्या गल्लीतली दोन पोरे या उन्हाळ्यात लागली. त्यांच्यापैकी एकाने परवा नवा फोन घेतला. माझ्याजवळ २२ क्रेडिट आहेत, आणि तीही अजून मिळायची आहेत.

रविवारी मुकादमकाका आले. ते आले की आई न विचारता चहात आले जास्त घालते. इकडचे तिकडचे झाले, लासलगावच्या भावाचे झाले, पावसाचे झाले. मग काका मांडीवर थाप मारून म्हणाले, "मग, पोराचं काय ठरलं? गुडघा काय म्हातारपणापत्तूर थांबत न्हाय. मला आता नाव द्या, म्हंजी मी पुढं बोलतो."

मी वेळापत्रक पाहण्याचे नाटक करीत फोनमध्ये डोके घातले. आई ओट्याशी पाठमोरी होती, पण ओट्यावर करण्यासारखे काही राहिले नव्हते.

आबांनी बशीतला चहा संपवला. "त्येचं नाव दुसऱ्या बोर्डात लागलंय," ते म्हणाले.

"कुठलं बोर्ड?" काका सावध झाले. त्यांना वाटले असणार, लोखंड बाजाराने पळवला पोराला.

"हाय एक. तास भरायचं, खात्यावर जमा हुतं. चार वर्सांचं काम हाय. तवर मी हाय की."

"गुडघा?"

"गुडघा काय म्हनतोय ते मी बगतो."

काका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दिवाळीला बोनस देत्यात का तिथं?"

मी म्हणालो, "नाही."

"लेव्ही कोन भरतं?"

मी आबांकडे पाहिले. आबा भिंतीला हात टेकून उठत होते.

"आमीच भरतो," ते म्हणाले. "सोमवारी कितीला रं तुझं पहिलं?"

"सात-वीस."

"मग पहाटं संगंच निघू. आनि ती माझी चुंबळ काड पिशवीतनं. उद्या लागंल मला."